दूरच्या बेटावरचा संगीत महोत्सव: तिथल्या माणसांच्या पदरात काय पडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेटावरचा संगीत महोत्सव म्हटलं की बाहेरच्या माणसाला समुद्र, मावळता सूर्य आणि स्टेज दिसतं. बेटावर राहणाऱ्याला आधी बोटीचं वेळापत्रक दिसतं, मग पाण्याची टाकी, आणि मग ‘यंदा थोरली लेक येणार आहे का?’ हा प्रश्न. इथली उत्तरं बेटावर राहणाऱ्याच्या बाजूने दिली आहेत.

जिथे पोचायलाच अर्धा दिवस जातो, तिथे महोत्सव भरवायचाच कशाला?

कारण दूरच्या बेटाला सगळ्यात जास्त गरज माणसांची असते. जपानचं सादो बेट घ्या. १९५० च्या सुमाराला तिथे सव्वा लाख माणसं राहत होती, आता पन्नास हजारांच्या आसपास उरली आहेत. तरुण शिकायला बाहेर जातात आणि नोकरी लागली की तिकडचेच होतात. वर्गात मुलं कमी झाली की शाळा बंद पडते, शाळा नाही म्हणून लहान मुलं असलेलं घर बेटावर यायला धजत नाही. एकदा ही घसरण लागली की थांबवणं फार अवघड. महोत्सवाने ती आपोआप थांबत नाही. पण ‘इथे काहीच घडत नाही’ हे तरुणांच्या तोंडचं वाक्य खोडून काढायला त्याच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

शिवाय बेटांवर उत्सवांचा जन्मच कधीकधी अडचणीतून झालेला असतो. आइसलँडमध्ये वस्तीला हजार वर्षं झाली म्हणून १८७४ मध्ये मोठा सोहळा होता. दक्षिणेकडच्या वेस्टमन बेटांवरच्या लोकांना खराब हवामानामुळे समुद्र ओलांडता आला नाही. मग त्यांनी आपल्याच दरीत सोहळा साजरा केला. तो उत्सव आजही ऑगस्टच्या सुरुवातीला भरतो. साडेचार हजारांच्या आसपास वस्ती, आणि पाहुणे दहा हजारांहून जास्त.

पाहुण्यांचा पैसा बेटावर राहतो, की आल्या बोटीने परत जातो?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. महोत्सवाला किती गर्दी झाली यापेक्षा पैसा बेटावर किती हातांतून फिरला, हे विचारायला हवं.

हिशोब करून बघू. समजा पाहुण्याने बेटावर १०० खर्च केले. ज्यांच्या हातात ते पडले त्यांनी त्यातले ६० पुन्हा बेटावरच खर्चले, पुढच्याने त्यातले ३६, त्यापुढच्याने साधारण २२, असं चालत गेलं तर त्या मूळ शंभराची बेटावरची एकूण उलाढाल २५० होते. आता दर फेरीला फक्त वीस टक्केच बेटावर राहिले असं धरा. तीच उलाढाल १२५ वर येऊन थांबते. पाहुणा तोच, तिकीट तेच, गाणारेही तेच. फरक एवढाच की पाव बेटावरच्या भट्टीत भाजला गेला की बाहेरून कंटेनरमध्ये आला.

म्हणून खाण्याचे गाडे कोणाचे, मंडप कोण उभारतो, जनरेटर कोणाकडून भाड्याने घेतला, सुरक्षारक्षक कुठून आले, हे प्रश्न क्षुल्लक वाटले तरी सगळा फायदा त्यांवर ठरतो. बाहेरचा आयोजक स्वतःचे गाडे, स्वतःची माणसं, स्वतःचं पेय घेऊन आला, तर बेटाच्या वाट्याला मोकळ्या बाटल्या आणि तुडवलेलं गवत येतं. उलट बेटावरच्या मच्छीमाराचे खेकडे, मेंढपाळाचं मटण, भट्टीवाल्याचा पाव हेच आधी विकलं जाईल असा नियम केला, तर तीन दिवसांत एखाद्या घराची हिवाळ्याची तजवीज होऊ शकते.

काही ठिकाणी नफ्याची वाटच मुळात गावाकडे वळवलेली असते. वेस्टमन बेटांवरचा उत्सव तिथला स्थानिक क्रीडा क्लबच भरवतो, आणि क्लबच्या कमाईचा मोठा वाटा त्यातूनच येतो. म्हणजे ऑगस्टमध्ये पाहुण्याने काढलेल्या तिकिटावर पुढे वर्षभर बेटावरची पोरं फुटबॉल आणि हँडबॉल खेळतात. मला ही व्यवस्था फार आवडते, कारण ती कुणालाही समजावून सांगावी लागत नाही.

तीन दिवसांचा कार्यक्रम. वर्षाच्या उरलेल्या ३६२ दिवसांसाठी त्याचा काय उपयोग?

तीन दिवसांसाठी केलेल्या गोष्टी चौथ्या दिवशी विरघळत नाहीत. जाडजूड वीजजोडणी, सभागृहाचं दुरुस्त झालेलं छप्पर, स्वच्छतागृहं, चांगलं इंटरनेट, प्रथमोपचार शिकलेली वीस-पंचवीस माणसं हे सगळं मागे राहतं. सभागृहात पुढे लग्नं होतात, बारशी होतात, निवडणुकीचं मतदानही तिथेच होतं.

आणखी एक गोष्ट मागे राहते, ती म्हणजे नाव. स्कॉटलंडच्या पश्चिमेला टायरी नावाचं सपाट, वाऱ्याचं बेट आहे. २०११ च्या जनगणनेत तिथे ६५३ माणसं होती. ओबन बंदरातून बोटीने जवळपास चार तास लागतात. २०१० पासून तिथे उन्हाळ्यात संगीत महोत्सव भरतो आणि सुमारे दोन हजार लोक येतात. त्यांतल्या अनेकांनी हे नाव आधी ऐकलेलंही नसतं. पण माणूस एकदा बेटावर येऊन गेला की नकाशावरच्या त्या ठिपक्याशी त्याचं नातं जुळतं. पुढच्या वेळी तो गाण्यासाठी नाही तर किनाऱ्यासाठी येतो, कुटुंबाला घेऊन येतो, आणि एक रात्र नाही तर आठवडाभर राहतो.

कलाकार बाहेरून येतात. मग बेटाच्या स्वतःच्या संगीताचं काय होतं?

नीट आखलं तर ते वाचतं, आणि निष्काळजीपणा केला तर शोभेपुरतं उरतं. दोन्हीही होताना दिसतं.

चांगलं उदाहरण स्कॉटलंडच्याच बॅरा बेटाचं. तिथल्या काही मंडळींच्या लक्षात आलं की गेलिक या तिथल्या जुन्या भाषेतली गाणी, वाद्यं, नाच हे सगळं मोठ्यांकडे आहे पण मुलांकडे उतरत नाहीये. म्हणून १९८१ मध्ये त्यांनी ‘फेश’ सुरू केली. गेलिकमध्ये या शब्दाचा अर्थ उत्सव असाच आहे, पण इथे मुलांनी ऐकायला नाही, तर शिकायला यायचं होतं. दिवसा वर्ग, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून गाणं-वाजवणं. ही कल्पना इतकी रुजली की आज स्कॉटलंडभर चाळीसहून जास्त फेश भरतात. स्टेजवर काय झालं यापेक्षा वर्गात काय झालं, याने बेटाचं संगीत टिकतं हे त्यातून मला पटलं.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर १९७७ मध्ये सेंट मॅग्नस महोत्सव सुरू झाला. त्यामागे संगीतकार पीटर मॅक्सवेल डेव्हिस आणि ऑर्कनीचेच कवी जॉर्ज मॅके ब्राउन होते. डेव्हिस तेव्हा ऑर्कनीतल्याच ‘होय’ नावाच्या बेटावर राहत होते. एवढ्या मोठ्या संगीतकाराने शहरातले वादक आणून कार्यक्रम केला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं. त्यांनी तिथल्या शाळकरी मुलांसाठी संगीत लिहिलं. १९७८ च्या महोत्सवात किर्कवॉल या ऑर्कनीच्या मुख्य गावातल्या शाळेच्या मुलांनी त्यांचा ऑपेरा सादर केला. आपल्या वर्गातल्या मुलांसाठी म्हणून कुणीतरी नवीन रचना केली आहे, ही जाणीव त्या वयात फार मोठी असते. पाहुणे टाळ्या वाजवून निघून जातात, पण त्या मुलाच्या बोटांत शिकलेलं राहतं.

उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर २००२ पासून सुद्रुगोता या समुद्राकाठच्या लहानशा गावात ‘जी’ महोत्सव भरतो. स्टेज थेट वाळूवर असतं. आज जगभर गाणारी आयव्होर ही गायिका याच गावची, आणि ती तिथे गायलेली आहे. गावातल्या लहान मुलीला स्वतःच्या गल्लीतून निघालेली गायिका ऐकायला मिळणं, याची किंमत कुठल्याही अहवालात मांडता येणार नाही.

तरुण खरंच परत येतात का?

काही येतात. गाणं ऐकून कुणी घर बांधायला घेत नाही, हे मान्य. पण पोटापाण्यासाठी बाहेर पडलेली मंडळी सुटी घेताना तारखा महोत्सवाच्या पाहतात. जुने वर्गमित्र भेटतात, आई-वडील थकल्याचं जवळून दिसतं, बंद घराची कडी उघडली जाते. परत यायचा विचार बहुतेक वेळा अशाच एखाद्या आठवड्यात मनात येतो.

विचार आला की पुढचा प्रश्न कामाचा. सादो बेटावर कोदो हा ताईको ढोल वाजवणारा चमू १९८१ पासून आहे आणि १९८८ पासून त्यांचा ‘अर्थ सेलिब्रेशन’ हा महोत्सव भरतो. त्यांचे नवे शिकाऊ वादक बेटावरच, जुन्या शाळेच्या इमारतीत राहून दोन वर्षं तालीम करतात. आता तिथे पहाटे उठून विशीतली मुलं धावतात, स्वयंपाक करतात, ढोल वाजवतात. मुलं बाहेर जाणाऱ्या बेटावर बाहेरची मुलं राहायला येतात. महोत्सवामागे वर्षभर चालणारी संस्था असेल तर काय होऊ शकतं, ते इथे दिसतं. नुसता तीन दिवसांचा मांडव कोसळला की संपतो.

आणि जी मुलं बेटावरच आहेत त्यांचं काय? सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ध्वनियंत्रणा हाताळणाऱ्याच्या बाजूला उभं करा. पहिल्या दिवशी तो केबल गुंडाळतो, आणि चुकीची गुंडाळली म्हणून त्याच्याकडून ती पुन्हा उलगडून घेतली जाते. दुसऱ्या दिवशी कुठल्या माइकचा आवाज कुठल्या पट्टीवर येतो ते त्याला कळलेलं असतं. तिसऱ्या रात्री एका गाण्यापुरता तो स्वतः आवाज सांभाळतो, आणि गर्दीतल्या त्याच्या आजीला गायकाचं नावही माहीत नसतं पण ती टक लावून त्या मिक्सरकडे पाहत असते. त्याला शिकण्यासाठी शहर गाठावं लागलं नाही.

बोटीत बेटावरच्याच माणसाला जागा मिळत नाही, ही तक्रार खरी आहे का?

अगदी खरी, आणि ती गांभीर्याने घ्यायला हवी. दूरच्या बेटाची बोट म्हणजे रस्ता, दवाखान्याची वाट आणि किराणा, सगळं एकच. महोत्सवाच्या आठवड्यात सगळ्या जागा महिनोन्महिने आधी पाहुण्यांनी घेतलेल्या असतील आणि कुणाची शस्त्रक्रिया त्याच सोमवारी असेल, तर त्या घरात महोत्सवाचं नाव काढायची सोय राहत नाही.

उपाय गुंतागुंतीचे नाहीत. रहिवाशांसाठी आणि रुग्णांसाठी ठरावीक जागा शेवटपर्यंत राखून ठेवायच्या. जादा फेऱ्या तिकीटविक्री सुरू व्हायच्या आधीच पक्क्या करायच्या. पाहुण्यांनी शक्यतो गाडी न आणता पायी चढावं, कारण एका गाडीच्या जागेत बरंच सामान आणि माणसं मावतात. दुकानाचा माल आठवडाभर आधी उतरवून घ्यायचा. हे न करता आधी तिकिटं विकून टाकणारा आयोजक बेटाचा विचार करत नाही, असं खुशाल समजा.

पाणी आणि कचरा?

लहान बेटावर गोडं पाणी मोजकं असतं. पावसाचं साठवलेलं, विहिरीचं, किंवा समुद्राचं गोडं केलेलं. वस्ती तीन दिवसांसाठी चौपट झाली तर ऐन उन्हाळ्यात टाकी तळ गाठते. कचऱ्याचंही तसंच. जे बेटावर आलं ते बोटीनेच परत जाणार, नाहीतर तिथेच पडून राहणार. मालकाने मागे टाकलेला तंबू हा सगळ्यात वाईट कचरा. परत करायचे पेले, पाणी न लागणारी स्वच्छतागृहं, आणि कचरा परत नेण्याचा खर्च तिकिटातच धरणं, एवढं किमान हवं.

मग महोत्सव किती मोठा असावा?

बेट ठरवेल तेवढाच. १९७० मध्ये इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट बेटावर जो महोत्सव झाला, त्याला सहा लाख लोक आले असा अंदाज सांगितला जातो. बेटाची वस्ती तेव्हा एक लाखाच्या जवळपास. रहिवासी इतके हैराण झाले की पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, पाच हजारांहून मोठ्या रात्रभराच्या उघड्यावरच्या मेळाव्याला परवाना लागेल असा खास कायदा संसदेने त्या बेटासाठी केला. तिथे महोत्सव पुन्हा सुरू व्हायला २००२ साल उजाडलं. एका वर्षाच्या हव्यासाने तीन दशकं गेली.

याच्या उलट नॉर्वेचं ट्रेना. आर्क्टिक वर्तुळावरचा हा बेटांचा समूह, जेमतेम साडेचारशे वस्तीचा. २००३ मध्ये तिथे महोत्सव सुरू झाला. त्यातला एक कार्यक्रम साना बेटावरच्या प्रचंड गुहेत होत असे. कातळाच्या उंच तोंडातून आत शिरलं की समोर गायक आणि पाठीमागे समुद्राचा उजेड. त्या गुहेत अश्मयुगातही माणसं राहिलेली आहेत. अशा जागी पन्नास हजार लोक आणताच येत नाहीत, आणणं शोभणारही नाही. जागेनेच मर्यादा घालून दिली आणि तीच त्या महोत्सवाची ओळख झाली.

बेटाचं नुकसान झाल्याचीही उदाहरणं आहेत का?

आहेत. २०१७ मध्ये बहामाजमधल्या ग्रेट एक्झुमा बेटावर ‘फायर फेस्टिव्हल’चा जो बोजवारा उडाला, तो बहुतेकांना पाहुण्यांच्या फजितीमुळे आठवतो. मला त्यातली स्थानिक मजुरांची गोष्ट आठवते. दिवसरात्र राबलेल्या माणसांना मजुरी मिळाली नाही. जेवण पुरवणाऱ्या एका बाईंनी स्वतःची साठवण मोडून कामगारांचे पैसे भागवले. पुढे लोकांनी वर्गणी काढून त्यांना मदत केली, आणि आयोजकाला २०१८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. पण ज्या बेटावर सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे बुडालेली मजुरी म्हणजे नुसता पैशांचा तोटा राहत नाही. ज्याने शेजाऱ्याला शब्द देऊन कामाला लावलं, त्याचं तोंड दाखवणं अवघड होतं.

म्हणून स्थानिकांना उधारीवर काम करायला लावू नये. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली शेवटची बोट सुटायच्या आत.

ज्यांना गोंगाट नको, वय झालंय, त्यांनी काय करायचं?

त्यांना विचारायचं, आणि महोत्सव ठरायच्या आधी विचारायचं. बऱ्याचदा त्यांचं म्हणणं साधं असतं: रात्री अमुक वाजता आवाज बंद, आमच्या अंगणात तंबू नकोत, दफनभूमीकडची वाट मोकळी ठेवा. तिकीट बेटकऱ्यांना परवडेल असं असणंही गरजेचं आहे. झांझिबारला २००४ पासून भरणाऱ्या साउती झा बुसारा महोत्सवात स्थानिकांसाठी तिकीट वेगळं, स्वस्त असतं. आपल्याच गावातलं गाणं कुंपणाबाहेरून ऐकायची वेळ कुणावर येऊ नये.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांची रीत मला विशेष जवळची वाटते. तिथला लोकसंगीत महोत्सव १९८१ पासूनचा. अ‍ॅबरडीनहून रात्रभराच्या बोटीने लर्विक या मुख्य गावी उतरलेल्या पाहुण्या कलाकारांना गावकरी आपल्या घरी ठेवतात, आणि कार्यक्रम लांबलांबच्या वाड्यावस्त्यांच्या सभागृहांतही होतात. म्हणजे ज्या म्हाताऱ्या माणसाला मुख्य गावात जाणं जमत नाही, त्याच्याकडे गाणं चालत येतं. सकाळी स्वयंपाकघरात चहा घेताना पाहुणा वादक घरच्या आजोबांना सूर विचारतो, आजोबा भिंतीवरचं व्हायोलिन काढायला सांगतात, अशी ओळख कुठल्याही हॉटेलात होणं शक्य नाही.

हवामान बिघडलं तर?

बोट येत नाही. त्यामुळे रद्द झाल्यास पैसे कसे परत मिळतील, अडकलेल्यांना कुठे झोपवायचं आणि काय खाऊ घालायचं हे आधीच लिहून ठेवावं. विमा उतरवावा. शाळेचं सभागृह मोकळं ठेवावं.

महोत्सव संकटातही उपयोगी पडतो म्हणतात, ते कसं?

पुन्हा वेस्टमन बेटांकडे वळतो. २३ जानेवारी १९७३ च्या रात्री त्यांतल्या हेमाए या वस्तीच्या बेटावर जमीन फाटून ज्वालामुखी उसळला. पाच हजारांवर माणसांना त्याच रात्री हलवलं, बहुतेकांना बंदरातल्या मासेमारी बोटींतून. घरं राखेखाली गेली. उद्रेक जुलैत थांबला. नेहमीची दरी वापरता येण्याजोगी नव्हती, तरी त्याच उन्हाळ्यात लोकांनी बेटावरच दुसऱ्या जागी उत्सव केला.

आजही त्या उत्सवात बेटावरची कुटुंबं आपापला पांढरा तंबू उभारतात. आत घरून आणलेलं टेबल, घरातले कप, कापडी भिंतीवर फोटो. ओळख असो वा नसो, माणूस आत येतो आणि त्याला बसायला सांगितलं जातं.

फायदा झाला की नाही, हे मोजायचं कसं?

तिकिटांच्या आकड्यावर थांबू नका. दुकानदारांना, भट्टीवाल्याला, बोटवाल्याला विचारा. किती पैसे बेटावरच्या पुरवठादारांना गेले, किती तरुणांना मोबदला देऊन काम मिळालं, वाद्य शिकणारी मुलं वाढली का, पुढच्या हिवाळ्यात सभागृह किती वेळा उघडलं, हे दरवर्षी एका वहीत लिहा. आणि स्वयंसेवक दमलेत का, हेही लिहा. साडेसहाशे माणसांच्या बेटावर पार्किंग सांभाळणारा, आग विझवणारा आणि धक्क्यावर दोर बांधणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो. तो थकला तर एखादं वर्ष विश्रांती घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

मी पाहुणा म्हणून जाणार आहे. काय करू?

एक दिवस आधी जा किंवा एक दिवस उशिरा निघा, गर्दीच्या बोटीवरचा ताण तेवढाच कमी. खाऊचं पोतं घरून भरून नेऊ नका, तिथल्या दुकानातून घ्या. तंबू परत आणा. आंघोळ आटोपती घ्या. रस्त्यात समोरून येणाऱ्या गाडीला हात दाखवा, तिथे सगळेच दाखवतात. आणि दुपारी गावच्या सभागृहात मुलांचा कार्यक्रम असेल, तर मोठ्या स्टेजच्या आधी तिथे जाऊन बसा.